चिंधी आधी सांगते

चिंधी बाबांच्या हाताला चावली तेव्हा ठमी स्वयंपाकघरात गाजरं चिरत होती. बाहेरच्या खोलीत बाबांचा चष्मा कोचामागे पडला होता, आणि कोच आणि भिंत यांच्यामधली ती बोळकांडी म्हणजे चिंधीची जागा. ठमीला तिची गुरगुर ऐकू आली. ओलं गोणपाट फरशीवरून ओढावं तसा आवाज. "बाबा, थांबा," ती आतूनच म्हणाली. बाबा थांबले नाहीत. मग बाबांचं ओरडणं ऐकू आलं आणि ठमी सुरी हातात तशीच घेऊन बाहेर धावली. बाबा जमिनीवर बसले होते. अंगठ्याच्या बुडातून निघालेलं रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. चिंधी कोचामागे भिंतीला चिकटून थरथरत होती, जणू चावा तिलाच बसला होता.

ठमीला रक्ताची सवय होती. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून शीर शोधायची आणि सुई घालायची हेच तिचं काम. घाबरलेल्या माणसांना बोलण्यात गुंतवून त्यांना कळायच्या आत सुई बाहेर काढण्यात तिचा हातखंडा होता. तिने बाबांच्या हाताला टॉवेल गुंडाळला, हात वर धरायला लावला आणि आईला टॅक्सी बोलवायला सांगितलं.

टाके पडले, इंजेक्शनं झाली. घरी परतल्यावर आई म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत ह्या कुत्रीची दुसरीकडे सोय कर. मला काही ऐकायचं नाही."

बाबा तेवढं बोलले नाहीत. त्यांना हातापेक्षा अपमान जास्त लागला होता. "न सांगता चावली," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माणूस निदान आधी शिवी तरी देतो."

ठमी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती गोल गरगरीत होती म्हणून बाबांनी ठेवलेलं. आता ती चाळिशीकडे झुकलेली, अंगाने काटकुळी, तरी नाव तेच राहिलं होतं. नवऱ्याचं घर कायमचं सोडून ती आईबाबांकडे परत आली तेव्हा तिच्याकडे दोन बॅगा होत्या. काही महिन्यांनी तिने चिंधीला आणलं. बेवारशी कुत्र्यांच्या निवाऱ्यात सगळ्यात मागच्या पिंजऱ्यात, कोपऱ्यात टाकून दिलेल्या फडक्यासारखी ती पडली होती. तिथली बाई म्हणाली, "हिला कुणी नेत नाही. माणूस दिसला की भिंतीकडे तोंड करते." ठमी तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मी नेते."

चिंधीला सगळ्याचीच भीती. प्लॅस्टिकची पिशवी, मिटलेली छत्री, लिफ्टचं दार. रस्त्यावर दुसरं कुत्रं दिसलं की ती मागच्या पायांवर उभी राहून असा गोंधळ घालायची की पलीकडच्या फुटपाथवरची माणसं थबकायची. शेजारच्या काकू तर जिन्यात ठमी दिसली की आधी तिच्या हातात पट्टा आहे का ते बघायच्या. पण घरात चिंधीला खरी भीती वाटायची ती एकट्या बाबांची. ठमीच्या पायाशी ती झोपायची, आईच्या मागे मागे फिरायची. दारात बाबांची चावी फिरली की मात्र कोचामागे.

बाबा वाईट माणूस नव्हते. उभा जन्म त्यांनी पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काढला होता, शेवटची बरीच वर्षं फोरमन म्हणून. तिथे एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर बोलायचं तर बोंबच मारावी लागायची. निवृत्त झाले, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. मीठ मागितलं तरी भांडण काढल्यासारखं वाटायचं. टाचा आपटत चालायचे, दारं ढकलून लावायचे, टीव्ही सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा लावायचे. आई आणि ठमी मात्र आयुष्यभर हळू बोलत आल्या होत्या. स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आडून, अर्ध्या अर्ध्या वाक्यात. बाबा आत आले की त्या गप्प व्हायच्या. यात काही गुपित नसायचं. सवय होती.

गुरांच्या आणि कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चिंधीला तपासलं. दात, कान, सांधे, सगळं ठीक होतं. "गोळी देऊन बघता येईल," त्या म्हणाल्या, "पण आधी एका बाईंना भेटा. त्या कुत्र्यांच्या वर्तनावरच काम करतात."

"म्हणजे वेड्या कुत्र्यांच्या डॉक्टर?" आईने विचारलं.

"कुत्र्यांची मास्तरीण," बाबा म्हणाले, आणि त्या बाईंचं घरात तेच नाव पडलं.

मास्तरीणबाई आल्या त्या कापडी बूट, पोरासारखे कापलेले पांढरे केस आणि कोपरापासून मनगटापर्यंत एक जुना व्रण घेऊन. चिंधीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. दारापाशी जमिनीवरच तिरक्या बसल्या, खिशातून उकडलेल्या कोंबडीचे तुकडे काढले आणि एकेक तुकडा कोचाच्या दिशेने मागे टाकत राहिल्या. त्याच वेळी आईला विचारत होत्या, हिला झोप किती, खाणं केव्हा, पाहुणे किती येतात. बऱ्याच वेळाने कोचामागून एक काळं नाक बाहेर आलं आणि तुकडा घेऊन परत गेलं.

"आम्ही तिला कधी मारलेलं नाही," बाबा म्हणाले.

"मी तसं म्हणतच नाहीये. तिच्या आधीच्या आयुष्याचं आपल्याला काही माहीत नाही, ते उकरत बसण्यात अर्थ नाही. आत्ता तिला काय वाटतं तेवढं बघू." मग त्यांनी समजावून सांगितलं. चावणं हे कुत्र्याचं शेवटचं वाक्य असतं. त्याआधी ते बरंच काही बोलतं. तोंड फिरवतं. जीभ नाकावरून फिरवतं. डोळ्यांचं पांढरं दाखवतं. अंग ताठ करतं. मग गुरगुरतं. "गुरगुरली म्हणून तिच्यावर कधी ओरडू नका. ती विनंती आहे. विनंती बंद पाडलीत तर सरळ दात उरतील."

"पण ही गुरगुरतच नाही," बाबा म्हणाले. "हाच तर माझा मुद्दा आहे. हिचा काही भरवसाच नाही."

"गुरगुरते की, बाबा," ठमी म्हणाली. "तुम्ही जवळ गेलात की दर वेळी गुरगुरते. त्या दिवशी मला आत ऐकू आलं."

"मी तिच्यापासून एक हातावर होतो. मला नाही ऐकू आलं, तुला भिंतीपलीकडून आलं?"

ठमीने आईकडे बघितलं. आईने टेबलावरचा न सांडलेला चहा पुसला. बाबांना वाटलं, लेक कुत्रीची बाजू घेऊन खोटं बोलतेय. ठमीला वाटलं, बाबा नेहमीप्रमाणे ऐकून न ऐकल्यासारखं करतायत. मास्तरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

मग त्यांनी काम लावून दिलं. जाळीचं मुसकं आणायचं, त्याच्या आत चीज चोपडायचं आणि चिंधीला आपण होऊन तोंड घालू द्यायचं, बांधायचं नाही. रस्त्यावर दुसऱ्या कुत्र्यापासून इतकं लांब राहायचं की ती बघेल पण पेटणार नाही. तिने बघितलं की तुकडा, बघून ठमीकडे वळली की आणखी एक तुकडा. कोचाची जागा तिची, तिथे कुणी हात घालायचा नाही. मधल्या दाराला एक बुटकं फाटक लावायचं. आणि बाबांनी तिच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, येता-जाता फाटकापलीकडे कोंबडीचा तुकडा टाकायचा आणि पुढे जायचं.

आईची महिनाअखेर तिने स्वतःच पुढे ढकलली. रोज कोंबडी उकडायला लागली.

फाटक बाबांनी स्वतः केलं. टाके काढून फार दिवस झाले नव्हते तरी गच्चीत बसून लोखंडी पट्ट्या कापल्या, कानस मारली, बिजागऱ्यांना रबर लावलं, म्हणजे आवाज नको. रंगही दिला. तुकडा टाकायचं काम मात्र त्यांना जमेना. पहिल्या दिवशी त्यांनी तो असा फेकला की भिंतीवर आपटून चिंधीच्या डोक्यात पडला. "बाबा, दान करताय की दगडफेक?" ठमी म्हणाली, आणि तेही हसले. मग हळूहळू हात बसला. चिंधी कोचामागून बाहेर येऊन तुकडा घ्यायला लागली. बाबा नजर छताकडे लावून, टाचा उचलून जायचे, तेव्हा पोटाला टेकलेली तिची शेपटी जराशी सुटायची.

रस्त्यावरही बरं चाललं होतं. ठमी लॅबमधून आली की दोघी मागच्या गल्लीत जायच्या, उभ्या गाड्यांच्या आडोशाने. लांबवर एखादं कुत्रं दिसलं की ठमीचा हात आपोआप पट्टा खेचायचा. मास्तरीणबाईंनी ते पाहिलं. "तिला कुत्रं दिसायच्या आधी तुमचा हात दिसतो," त्या म्हणाल्या. "पट्टा ढिला सोडा. श्वास सोडा. तुम्ही सुया टोचता ना दिवसभर? तेव्हा हात कसा असतो तुमचा?"

"तेव्हा भीती समोरच्याला असते," ठमी म्हणाली.

मग एका दुपारी सगळं फिसकटलं. चिंधी पहिल्यांदा स्वतःहून फाटकापाशी आली, बाबा तिथे उभे असताना. मान लांब करून तिने त्यांच्या चपलेचा वास घेतला. बाबांना आनंद आवरला नाही. "शाब्बास," ते म्हणाले. त्यांच्या मते ते हलकेच म्हणाले. खिडकीची काच हादरली. चिंधीने जागच्या जागी मुतलं आणि सरपटत ठमीच्या पलंगाखाली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती बाहेर आली नाही, पाणीही प्यायली नाही.

ठमी फरशी पुसत होती. "किती वेळा सांगितलं, बोलायचं नाही म्हणून."

"एक शब्द बोललो. शाब्बास म्हटलं. शिवी दिली का? स्वतःच्या घरात चोरासारखं चालतोय मी. अजून काय करू, श्वास बंद करू?"

ठमी उठली, बादली घेऊन खिडकीकडे वळली, आणि जे कधी बोलली नव्हती ते बोलली. बाहेर बघत, साध्या आवाजात. "ती एकटी घाबरत नाही तुम्हाला. मी पण घाबरायचे. आई अजून घाबरते."

तिने फडकं पिळलं. मग बाबांचा आवाज आला, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? दोघींचं काय चाललेलं असतं माझ्यापासून लपवून?"

ठमी वळली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं. त्यांनी एक अक्षरही ऐकलं नव्हतं. तिला ते पुन्हा म्हणता आलं असतं. तिने बादली उचलली आणि मोरीत जाऊन ओतली.

मास्तरीणबाईंनी ठमीला एक गोष्ट करायला सांगितलं होतं: फाटकाजवळच्या कपाटावर फोन ठेवून रोजच्या जा-येचं चित्रण करायचं. पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनी ते सगळ्यांना बसवून दाखवलं. फोनच्या पडद्यावर बाबा खुर्चीतून उठून कपाटाकडे गेले. कोपऱ्यात चिंधीने तोंड फिरवलं, जीभ फिरवली, ताठ झाली. आणि गुरगुरली. स्पष्ट, लांब.

"बघा," बाबा म्हणाले. "कुठे गुरगुरली?"

मास्तरीणबाईंनी फोनचा आवाज चढवला, चित्रण मागे नेलं, फोन बाबांच्या डाव्या कानाजवळ धरला. आता त्यांना ऐकू आलं. ठमीने त्यांचा चेहरा बघितला आणि तिला वाटलं, नको होतं हे दाखवायला.

"हे असं त्या दिवशी पण?" बाबांनी विचारलं.

"हो."

"माझ्या एवढ्या जवळ?"

"हो, बाबा."

"म्हणजे तिने सांगितलं होतं."

मास्तरीणबाई म्हणाल्या, "तिच्या बाजूने बघा. ती सांगते, आणि तुम्ही पुढेच येत राहता. तिला वाटतं, ह्या माणसाला विनंती कळत नाही." मग विचारलं, "कान कधी तपासून घेतलेत?"

बाबा उठले. चपला घातल्या आणि बाहेर गेले. दार या वेळी त्यांनी हळू लावलं.

"मी हे त्यांना एकट्यात सांगायला हवं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कुत्र्यांशी मी जपून वागते. माणसांच्या बाबतीत चुकते."

त्या गेल्या तरी आई जागची हलली नव्हती. हाताची घडी घालून ती बंद दाराकडे बघत होती. "मला वाटायचं मुद्दाम करतात," ती म्हणाली. "मी बोलायचे आणि हे पेपर वाचत बसायचे. पहिली काही वर्षं भांडले. मग म्हटलं जाऊ दे, आपण बोलायचंच कशाला."

"माझंही तसंच," ठमी म्हणाली.

"तुझं तसं नाही, ऐक." आई तिच्याकडे वळली. "तू मला फोन केला होतास. सासरहून, पहिल्यांदा. तो हात उचलतो म्हणून सांगितलंस. त्याच संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. भांडी घासत होते मी, हे इथे टेबलाशी. म्हटलं, पोरीचं बरं नाही तिथे, जाऊन घेऊन या. हे काही बोलले नाहीत. उठले आणि बातम्या लावल्या."

ठमीला ते ठाऊक होतं. आईने तेव्हाच सांगितलं होतं, "मी घातलं ह्यांच्या कानावर, काही बोलले नाहीत." ते शब्द घेऊन ठमी पुढची कित्येक वर्षं त्या घरात राहिली होती. बाबांना माहीत आहे आणि बाबा काही बोलले नाहीत, म्हणजे राहायचं. शेवटी ती निघाली तेव्हा कुणाला विचारून निघाली नाही, आणि दारात तिला पाहून बाबांचं तोंड उघडंच राहिलं तेव्हा तिला वाटलं, काय नाटक करतात.

"पाठ होती तुझी त्यांच्याकडे?" तिने विचारलं.

आईने नळाकडे बघितलं. "पाणी चालू होतं," ती म्हणाली.

त्यानंतर बाबा गप्प झाले. कान तपासायला चला म्हटलं की हात हलवायचे. प्रेस शॉपमध्ये कानाने गेलेल्या म्हाताऱ्यांना सगळे हसायचे, त्यांतले पहिले ते स्वतः होते. टीव्ही लावेनात. गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या रस्त्याकडे बघत बसायचे. घरात इतकी शांतता कधीच नव्हती, आणि वाईट असं की चिंधी त्या शांततेत खुलली. फाटकापर्यंत यायची, खोलीच्या मध्यावर आडवी व्हायची, एकदा तर बाबा आत असताना पाठीवर लोळली. मास्तरीणबाई म्हणाल्या, प्रगती चांगली आहे. ठमीला ती प्रगती बघवेना. मूग गिळून बसलेल्या बापाच्या जिवावर कुत्रं सुधारतंय असं तिला वाटायला लागलं.

एका रविवारी सकाळी ती गॅलरीत गेली, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. उजेड तिच्या तोंडावर येईल अशी.

"बाबा, मी बोलते ते ऐकू येतंय?"

"समोर बसून बोललीस की येतं. तोंड दिसलं की येतं."

"आईने तुम्हाला एकदा सांगितलं होतं. मी सासरी होते तेव्हा. की मला घेऊन या."

"कधी?"

तिने सांगितलं. सगळं, त्या संध्याकाळचं आणि त्याआधीचं, जे तिने त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. मधे एकदा त्यांनी हात वर केला, तिला वाटलं थांबवतायत, पण ते म्हणाले, "हे परत सांग, नीट कळलं नाही," आणि तिला ते वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. ते सगळ्यात अवघड वाक्य होतं.

"मी आलो असतो," ते म्हणाले. "त्याच रात्री आलो असतो. तुला ठाऊक नाही?"

"नव्हतं."

"मग तू मला का नाही फोन केलास? सरळ मला?"

"भीती वाटायची."

"त्याची?"

"तुमची."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. बाबा कठडा धरून बसले. अंगठ्याखालचा चाव्याचा व्रण अजून लाल होता. "मी तुझ्यावर कधी हात उचलला?"

"नाही. कधीच नाही. पण आवाज, बाबा. चावी वाजली की मी वही मिटायचे. काही केलेलं नसायचं तरी."

"ते मला कळायला हवं होतं," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "सगळंच काही कानाचं नव्हतं ते. चिडायचो पण मी. उगाच चिडायचो. मला वाटायचं, मी आलो की ह्या दोघी गप्प होतात, म्हणजे मी नकोय ह्यांना." ते उठले आणि आत गेले. ठमी तिथेच बसून राहिली. तिला हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसती दमल्यासारखी झाली.

त्याच आठवड्यात ते कान तपासायला गेले. ठमीला बरोबर घेतलं, आईला नको म्हणाले. काचेच्या खोलीत हेडफोन लावून ते शाळकरी पोरासारखे ताठ बसले होते. आवाज आला की बटण दाबायचं. ठमी बाहेरून बघत होती. बराच बराच वेळ त्यांचा हात हलतच नव्हता. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा अर्धा. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, ही काही आजकालची गोष्ट नाही.

ऐकू येण्याचं मशीन कानात आलं आणि बाबांना घर असह्य झालं. चमचा बशीवर ठेवला की दचकायचे. पेपर उलटताना कपाळाला आठ्या. आईने पिशवीतून भाजी काढली आणि ते खुर्चीतून अर्धे उठले, "हे नेहमी एवढं वाजतं?" पहिले काही दिवस ते मशीन काढून खिशात ठेवायचे. मास्तरीणबाईंना कळल्यावर त्या म्हणाल्या, "दिवसभर घालू नका. थोडा वेळ घाला, मग काढा. तिला मुसकं शिकवलं तसंच."

"मला चीज पण द्या मग," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. स्वतःचा आवाज ऐकून तेच ओशाळले होते.

एकदा ठमी मोरीत कपडे पिळत होती. बाबा फाटकाच्या आत कपाटातला स्वेटर काढायला गेले. चिंधी कोपऱ्यात हाड चघळत होती. ठमीला गुरगुर ऐकू आली आणि ती ओल्या हातांनी दारात आली. बाबा थांबले होते. त्यांनी तोंड फिरवलं, खांदा तिच्याकडे केला आणि एक पाऊल मागे घेतलं. गुरगुर बंद पडली. चिंधीने त्यांच्याकडे बघितलं, हाडाकडे बघितलं, आणि पुन्हा चघळायला लागली. बाबा स्वेटर न घेताच बाहेर आले.

"बोलली मला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "राहू दे स्वेटर, थंडी नाही एवढी."

याचा अर्थ चिंधी शहाणी झाली असा नाही. मास्तरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की काही कुत्री भीती सोडत नाहीत, तिच्यासकट जगायला शिकतात. रस्त्यावर तिला मुसकं लागायचंच. पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत ठेवावं लागायचं. एका सकाळी शेजारच्या काकूंच्या नातवाने जिन्यात धावत येऊन तिला मिठी मारायचा प्रयत्न केला; मुसकं होतं म्हणून निभावलं. पोराच्या गालावर जाळीचा वळ उठला, आणि ठमी घरी येऊन जमिनीवर बसून राहिली.

"तिला ह्यापेक्षा कमी माणसं लागतात," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जिना नको, लिफ्ट नको. कदाचित तुम्हालाही."

ठमीने लॅबच्या मागच्या बाजूला तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या, मागे भिंत घातलेलं छोटं अंगण. बाबांनी अंगणाच्या दाराला कडी बसवून दिली. निघायच्या दिवशी आईने चिंधीचं ताट आणि तिचं फाटकं पांघरूण स्वतः बांधलं. जी महिनाअखेर म्हणत होती तीच आता म्हणाली, "राहिली असती तरी चाललं असतं."

बाबा दर शनिवारी यायला लागले. अंगणात दारापाशी खुर्ची टाकायचे, पेपर वाचता वाचता पेंगायचे, चिंधीकडे बघायचे नाहीत. ती त्यांच्यापासून लांब, पण त्याच अंगणात झोपायची. कधी दोघांना एकदम जाग यायची. ठमीशी ते आता जास्त बोलायचे असं नाही. प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे.

आई एकटी आली ती एका मधल्याच वारी, भर दुपारी. ठमी जेवायला घरी आली होती. चिंधीने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. आई तिच्या कानामागे खाजवत राहिली.

"बाबा बरे आहेत ना?" ठमीने विचारलं.

"बरे आहेत. काय म्हणालीस, काय म्हणालीस, दिवसभर चालू असतं. मला बोलायची सवयच राहिली नाही, काय सांगू त्यांना?" तिने चिंधीचा कान उलटा-सुलटा केला. "त्यांना ऐकू येत नव्हतं, ते झालं. पण मी दुसऱ्यांदा का नाही सांगितलं, ठमे? समोर जाऊन, नळ बंद करून? तू तिकडे मार खात होतीस आणि मी इथे रुसून बसले होते."

नाही म्हणावं असं ठमीला वाटलं, आणि ते खरं झालं नसतं. ती आईच्या शेजारी जमिनीवर बसली.

"आज निघताना म्हणाले, मी पण येतो," आई म्हणाली. "मी म्हटलं नको, मला एकटीला जायचंय. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेल."

"मग?"

"मग काय. दार उघडून उभे राहिले." आईने डोळे पुसले, चिंधीचं डोकं हलकेच बाजूला केलं आणि उठली. "तू जेवलीस का? कामावर उशीर होईल तुला."